दोन हिरव्या तारा

माझ्या मुलाच्या, फूमच्या, लग्नाच्या दिवशी सकाळी साडेसहाला आमच्या पिकअपने 'टक्' असा एकच आवाज काढला आणि मौन धरलं. फूमने पुन्हा किल्ली फिरवली. टक्. मागे वरातीत न्यायची केळीची दोन रोपं, उसाच्या दोन जुड्या आणि त्यांच्यामध्ये लांब ढोल घेऊन बसलेले चार वादक. सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले.

"काल संध्याकाळभर गाडीत गाणी लावून कोण बसलं होतं?" मी विचारलं.

चौघांनीही आपापल्या ढोलाकडे पाहिलं. मला काय ते कळलं.

दुसऱ्या कुठल्याही घरात अशा वेळी शेजाऱ्याची गाडी मागितली असती. आमच्या गल्लीत त्या दिवशी सहा गाड्या उभ्या होत्या. पण मुलीचा बाप होता हिया कुआंग, 'हिया' म्हणजे दादा, आणि तिथेच सगळं अडलं होतं. इथे थायलंडात, उथाई थानीच्या बाजारात, हिया कुआंगचं बॅटरीचं दुकान चाळीस वर्षांचं आहे. साखरपुड्याला लोक जावयाला घड्याळ देतात, ह्यांनी लाल फीत बांधलेली बॅटरी दिली.

"तुझ्या गाडीतली आज ना उद्या बसणार," ते फूमला म्हणाले होते. "तेव्हा ही तू घरी, स्वतःच्या हाताने बसवायचीस. माझ्या दुकानाला फोन करायचा नाही, बापाला हात लावू द्यायचा नाही. आणि माझ्या दारात वरात आणशील ती ह्याच गाडीतून. बॉनेट कुठून उघडतं हे माहीत नसलेल्या पुरुषांना मी जन्मभर बॅटऱ्या विकल्या. तसला जावई घरात नको."

हे बोलताना ते हसत होते. पण मेयने, म्हणजे आमच्या होणाऱ्या सुनेने, मला बाजूला घेऊन सांगितलं, "आई, बाबा हसून बोलतात ना, तेव्हाच ते खरं असतं."

ती लाल फीत मी घरी आल्या आल्या सोडून केरात टाकली. का, ते सांगते पुढे.

तीन महिने फूम म्हणत राहिला, "चालतेय ना अजून? बघू." माझा नवरा थावोन ती नवी बॅटरी दर महिन्याला चार्ज करून फळीवर परत ठेवायचा आणि काही बोलायचा नाही. थावोन पाटबंधारे खात्यात कालव्याच्या दारांवर होता. चौतीस वर्षं किती पाणी सोडायचं ह्याच हिशेबात गेली, त्यामुळे शब्दही तो तसेच सोडतो. आणि आता मुहूर्त होता नऊ वाजून नऊ मिनिटांचा, मेयचं घर तासाभरावर, आणि गाडी टक् म्हणत होती.

"उतर," थावोन फूमला म्हणाला. "तू बसव. मी सांगतो."

त्याने हात पाठीमागे बांधले, मुद्दाम, सगळ्यांना दिसतील असे.

ढोलवाल्यांपैकी एकाने सुचवलं, शेजारच्या गाडीला तारा जोडून एकदा चालू तर करू, बॅटरी उद्या बदला. थावोनने बॉनेट उघडायला लावलं आणि बोटाने दाखवलं. जुन्या बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगल्या होत्या.

"फुगलेलीला बाहेरून वीज द्यायची नाही. फुटते. आणि त्या विड्या विझवा आधी."

सगळे वाकून बॅटरीकडे बघत होते. मी बॅटरीकडे बघत नव्हते. मी तारांकडे बघत होते. दोन्ही तारा हिरव्या होत्या.

आता हे सांगायलाच हवं. मी पिकुन. नगरपालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. गावातली निम्मी माणसं मला रस्त्यात वाट देतात, आणि नवरा घरातही मला 'क्रू' म्हणतो, म्हणजे बाई, मास्तरीण. आमच्या शेजाऱ्याच्या काळ्या गाडीवर स्टिकर आहे, 'ही गाडी पांढरी आहे.' ज्योतिषाने त्याला पांढरा रंग सांगितला आणि हप्त्यावर मिळाली काळी, म्हणून नशिबाला फसवायला ते स्टिकर. असल्या गाड्या आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. मी दर वर्षी सातवीच्या वर्गात त्या स्टिकरची यथेच्छ टिंगल करायचे. "मुलांनो, विजेला रंग कळत नाही, वार कळत नाही, नशीब तर अजिबात कळत नाही," असं म्हणायचे आणि पोरं हसायची.

आणि दोन वर्षांपूर्वी फूमने एकाच महिन्यात ही पिकअप आधी एका म्हशीला आणि मग विहाराच्या भिंतीला नेऊन भिडवली. म्हैस वाचली, भिंत वाचली, फूमच्या कपाळाला सहा टाके पडले. त्या आठवड्यात मी भाजी आणायला म्हणून निघाले आणि ज्योतिषाच्या ओट्यावर जाऊन बसले. तो म्हणाला, मुलगा सोमवारचा, म्हणजे सोमवारी जन्मलेला, सोमवारच्याला लाल वर्ज्य, हिरवा बळ देतो. गाडीत लाल काय आहे बघा.

गाडी करडी होती. आत बसायच्या जागा काळ्या. मला हायसं वाटणार तोच मी बॉनेट उघडलं, आणि अगदी गाडीच्या काळजापाशी ती जाडजूड लालभडक तार. दोघे बापलेक मासे धरायला गेले होते. मी दुकानातून हिरवी टेप आणली आणि लाल तार गुंडाळून टाकली. मग एकच हिरवी दिसली तर थावोन विचारेल म्हणून दुसरीही गुंडाळली. वरचं लाल टोपण कालव्यात भिरकावलं. त्यानंतर फूमला साधा ओरखडा आला नाही. उलट दोनच दिवसांनी गाडी नेमकी बॅटरीच्या दुकानासमोर बंद पडली, पाना घेऊन एक मुलगी बाहेर आली आणि ती मेय. मी काय समजायचं?

"क्रू, किल्ली धर," थावोन म्हणाला. मी दचकून हात पुढे केला. "फूम, गळ्यातली साखळी काढ. ताईतसुद्धा. अंगठी पण."

"लग्नाच्या दिवशी, बाबा?"

"वाकशील, साखळी दोन्हीकडे टेकेल, आणि सोनं तापून गळ्याला चिकटेल. काढ."

रेशमी कोट निघाला, सोनं माझ्या ओंजळीत आलं. गवत कापायचा चष्मा आणि भांडी घासायचे पिवळे हातमोजे घालून नवरदेव उभा राहिला. वादकांपैकी एक म्हणाला, "मेयने आत्ता पाहिलं तर लग्नच मोडेल." दुसरा म्हणाला, "मोडायचं असतं तर चेहरा बघूनच मोडलं असतं."

"आधी फोटो काढ," थावोन म्हणाला. "कुठली तार कुठे आहे त्याचा."

फूमने फोटो काढला. मग जुन्या बॅटरीवरचं वजाचं चिन्ह शोधून त्या तारेचा नट सैल केला. "वजा आधी. वजा सुटली की पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी नाही." मग अधिकची. मग पट्टी. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. मी जरा श्वास सोडला. बॅटरीवर खुणा आहेत, हा एक काढतोय, तशीच एक लावेल, टेपचं नाव कोणी काढणार नाही.

एवढ्यात माझी नणंद लाम्याई आली. एका हातात झेंडूचा हार, दुसऱ्या हातात पेटलेल्या नऊ उदबत्त्या. गाडीच्या देवीची, म्ये यानांगची, माफी मागितल्याशिवाय गाडीच्या पोटात हात घालायचा नाही हे तिचं म्हणणं, आणि ते सांगायला ती थेट बॉनेटपाशी पोचली.

"विस्तव मागे!"

थावोनचा एवढा मोठा आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. शेजारचं कुत्रं पळालं.

"ओरडतोस काय माझ्यावर?" लाम्याई म्हणाली. "मी तुझी थोरली बहीण आहे."

"फुगलेली बॅटरी आहे ताई. तिच्यातून गॅस सुटतो. एक ठिणगी पडली की झालं."

"म्हणजे देवीला उदबत्ती लावायची नाही? आज?"

"लाव ना. फाटकाजवळ लाव. देवीला काय कमी ऐकू येतं?"

"माझ्यापेक्षा बरंच येत असेल," ती फणकारली आणि उदबत्त्या घेऊन फाटकाकडे गेली. मी नेहमीप्रमाणे नाक मुरडलं. फूमने तेवढ्यात बॅटरी सरळ, न कलंडू देता उचलली आणि भिंतीपाशी प्लास्टिकच्या टोपलीत नेऊन ठेवली. थावोन मागोमाग गेला, हात पाठीमागे बांधूनच.

आम्ही वळलो तर लाम्याई परत आली होती. उदबत्त्या नव्हत्या, पण हार होता. देवीला हार तरी घालावा म्हणून तिने आत टांगायला जागा शोधली होती, आणि त्या रिकाम्या खड्ड्यात टांगण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. तिने दोन्ही तारा एकत्र धरून, एकीला दुसरीचा पीळ देऊन, त्यावर छान हार बांधला होता.

"सुरेख दिसतंय की नाही?" ती म्हणाली.

फूमने हार सोडला. पीळ सोडला. तारांची टोकं सोडा घातलेल्या कोमट पाण्याने घासून पुसून कोरडी केली. नवी बॅटरी खड्ड्यात बसवली, पट्टी आवळली. पाना हातात घेतला.

"आता अधिकची आधी," थावोन म्हणाला.

"कुठली अधिकची?"

थावोन पुढे वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"फोटो बघ."

फूमने फोन काढला. फोटोत फूम होता. गवताचा चष्मा लावून, दात काढून हसणारा फूम, आणि त्याच्या उजव्या कानामागे बॅटरीचा एक कोपरा.

"फोटो काढ म्हणालात," तो पुटपुटला.

"दोन्ही हिरव्या!" थावोन म्हणाला. आता त्याचं दार उघडलं होतं. "कुठल्या गॅरेजवाल्याने हे केलं? लाल तारेला लाल कशासाठी करतात? माणूस मरू नये म्हणून करतात! एवढा महागाढव मी जन्मात पाहिला नाही. ज्याने हे केलं त्याला कालव्यात बुडवला पाहिजे."

ओंजळीत मुलाचं सोनं आणि केसात मोगरा घेऊन तो महागाढव तिथेच उभा होता.

मग मला वाटलं, बाई, बत्तीस वर्षं शिकवलंस ना? मी पुढे झाले. "ज्या तारेचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला आवळलेलं असतं ती वजा," मी शाळेतल्या आवाजात म्हणाले. रेशमी लुंगी सावरून आत वाकले. पण खाली जाऊन दोन्ही तारा एकमेकींना बांधलेल्या होत्या, नीटनेटक्या, हिरव्या टेपने. ते कामही माझंच. मी कुठलंही काम अर्धवट करत नाही.

"ही वजा," मी तरी म्हणाले.

"नक्की?"

"वाटतेय तरी."

"वाटून चालत नाही क्रू. उलटी लागली तर आधी फ्यूज जातील, मग वायरिंग. आणि ठिणगी उडाली तर ह्याचं तोंड बरोबर वरती आहे."

फूमने पाना खाली ठेवला. सव्वासात झाले होते. त्याने हातमोजे काढले, चष्मा काढला आणि त्याचा चेहरा एकदम सहा वर्षांच्या मुलाचा झाला.

"मी हियांना फोन करतो," तो म्हणाला. "माणूस पाठवतील ते. मेयला काय सांगायचं ते मी सांगेन. माझीच चूक आहे, तीन महिने बसून राहिलो."

तो फोन कानाला लावणार, एवढ्यात मी म्हणाले, "टेप सोल. एकीच्या खाली लाल आहे."

"तुला कसं माहीत?" थावोन म्हणाला.

"मी गुंडाळलीय."

थावोनने माझ्याकडे पाहिलं, तारांकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं.

"गॅरेजवाला तू?"

"हो. बुडवा कालव्यात."

सगळ्यात आधी लाम्याईला समजलं. "सोमवार!" ती किंचाळली. "फूम सोमवारचा! लाल वर्ज्य!" आणि तिने मला अशी मिठी मारली की माझा मोगरा तिच्या नाकात गेला. "अगं माझे बाई! चाळीस वर्षं माझ्या उदबत्त्यांना नाक मुरडतेस, आणि स्वतः चोरून टेपा गुंडाळतेस!"

मग जे हसू फुटलं, त्यात ढोलवाल्यांनी ढोलसुद्धा वाजवून घेतला. थावोन हसत नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खांदे हलत होते, तो आमच्याकडचा हसण्याचा सगळ्यात मोठा प्रकार. फूम तेवढा माझ्याकडे बघत राहिला. "त्या टाक्यांमुळे?" त्याने हळूच विचारलं. मी मान हलवली.

त्याने टेप सोलायला घेतली. डिंक घट्ट बसला होता, नखाने खरवडावं लागलं. बोटभर सुटली आणि खालून लाल दिसलं. वीतभर सोलून त्याने खात्री केली, दुसरीचंही टोक उचकटून काळं दिसतंय ना ते पाहिलं. मग हातमोजे, चष्मा, आधी लाल अधिकवर, मग दुसरी वजावर, दोन्ही नट हलवून बघितले. मी किल्ली दिली.

गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. लाम्याई केळीच्या रोपाला मिठी मारून नाचली. फूम आतून ओरडला, "बाबा, एक वाजला! मुहूर्त गेला!" गाडीतलं घड्याळ एकवर जाऊन बसलं होतं. थावोन म्हणाला, "बॅटरी काढली की ते मूर्खासारखं करतं. तू करू नको."

साडेसातला निघालो. जुनी बॅटरी टोपलीत उभी ठेवून केळीला बांधली होती, कारण ती केरात टाकायची नसते, दुकानात परत द्यायची असते. मी फूमशेजारी बसले. सगळे गात होते. खरं सांगते, मला भीती वाटत होती. त्या पत्र्याखाली वीतभर लाल तार उघडी होती, सोमवारचा माझा मुलगा गाडी चालवत होता, आणि प्रत्येक वळणावर मला म्हैस दिसत होती.

मेयच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. नातेवाईक ताटं घेऊन थांबलेच होते. पुढे ढोल, मागे आत्या-माम्या नाचताहेत, त्यांच्यामागे फूम पायी, आणि सगळ्यात शेवटी थावोन पिकअप हळूहळू चालवत. मुलीकडच्यांनी रिवाजाप्रमाणे वाट अडवली. पहिल्यांदा चांदीची साखळी आडवी धरली, थट्टा झाली, सोडली. मग सोन्याची. मग तिसरीकडे साखळी नव्हती. तिथे हिया कुआंग स्वतः उभे होते, पांढरा कोट घालून, हातात पाना.

"बॉनेट," ते म्हणाले.

दोनशे माणसं बघत होती. फूमने बॉनेट उघडलं. हियांनी दोन्ही टोकं हलवून पाहिली.

"घट्ट आहेत. काढताना आधी कुठली?"

"वजा."

"लावताना?"

"अधिक."

"जुनी?"

फूमने केळीखालची टोपली दाखवली. हियांनी खूश होऊन मान डोलावली आणि मग त्यांची मान थांबली. एक तार लाल, एक हिरवी, आणि लाल तारेला हिरव्या चिंध्या लोंबत होत्या.

"हे काय?"

फूम मला वाचवायला तोंड उघडणार, ते मला दिसलं. मी पुढे झाले. एकदा सांगून झालं होतं, दुसऱ्यांदा सोपं जातं. "माझं काम आहे, हिया," मी म्हणाले. "मुलगा सोमवारचा. मी..."

"बाबा, त्यांना काही विचारू नका!"

नवरीने वर थांबायचं असतं. मेय गुलाबी रेशमात, डोक्यावर फुलं, अनवाणी, जिना उतरून धावत आली. "मला माहितेय ते. दोन वर्षं झाली. ह्यांची गाडी आपल्या दुकानासमोर बंद पडली होती ना? एक नट सैल होता. टेप नीट बसावी म्हणून कोणीतरी सोडला असणार आणि आवळायचा राहिला. मी सोलून पाहिलं तर खाली लाल. मग ह्याला विचारलं, तुझा वार कुठला?"

"तू मला वार विचारलास," फूम म्हणाला, "मला वाटलं मी तुला आवडलो."

"तेव्हा नाही. तेव्हा मी वेढे मोजत होते." ती माझ्याकडे वळली. "प्रत्येक तारेला चाळीस, एकसारखे. गॅरेजवाला चार वेढे देतो, आई. म्हणून मी होती तशी परत गुंडाळून ठेवली. म्हटलं, ज्या घरात एवढे वेढे देतात ते घर बघावं तरी."

नट मी विसरले होते! बत्तीस वर्षांत मी कुठलंही काम अर्धवट केलं नाही, एवढं एक राहिलं, आणि त्याने मला ही मुलगी दिली.

"पण असं उघडं नको," मेय म्हणाली आणि घराखालच्या दुकानात पळाली. गाड्यांवर लावायची ती स्टिकरं तिच्या बापाच्या दुकानात बॅटऱ्यांशेजारीच टांगलेली असतात. तिने एक कोरं आणलं, थावोनच्या पाठीवर ठेवून त्यावर पेनने लिहिलं, पाठचा कागद सोलला आणि लाल तारेला गुंडाळून चिकटवलं.

हियांनी मोठ्याने वाचलं, "ही तार हिरवी आहे."

गल्ली हसली. मी सगळ्यांत जास्त हसले, इतकी की लाम्याईने मला धरलं. आणि हसता हसता कळलं की भीती गेलीय, अगदी खरोखर गेलीय. सातवीच्या सगळ्या तुकड्यांची मी इथे जाहीर माफी मागते.

"नऊ वाजून आठ," थावोन म्हणाला.

हिया कुआंगनी बॉनेट खाली टाकलं, पाना खिशात घातला आणि बाजूला झाले. ढोल सुरू झाले. मेय एका हाताला, फूम दुसऱ्या हाताला, आणि मी मधोमध नाचत आत गेले.